घरात सहा माणसं, दोन बाथरूम: गीझर किती लिटरचा घ्यावा?

पार्ले_पूर्व

नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती. आता चौदा मजल्यांचा टॉवर उभा राहिलाय आणि दिवाळीआधी ताबा मिळेल असं बिल्डर म्हणतोय (गेल्या दिवाळीलाही हेच म्हणत होता). आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दोन बाथरूम आहेत, एक सासूसासऱ्यांच्या खोलीला लागून आणि एक बाहेर, आम्हा चौघांसाठी. दोन्हीकडे गीझरचा पॉइंट आहे, शिवाय पॅसेजवर लॉफ्ट आहे.

घरात गीझरवरून रोज वाद. सॅनिटरीवाल्या दुकानदाराचं म्हणणं, ३५ लिटरचा घ्या, नंतर पस्तावाल. प्लंबर म्हणतो दोन्हीकडे २५. न्यू जर्सीचे दीर व्हिडिओ कॉलवर सांगतात, "वहिनी, दोन दोन डबे कशाला लटकवता? एकच मोठी टाकी बसवा. आमच्याकडे बॉयलरवर ४० गॅलनची इनडायरेक्ट टाकी आहे, सगळ्या घराला पुरते." हे ऐकल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात लॉफ्टवर ५० लिटरचा एकच गीझर बसवायचं घुसलंय.

सकाळचं गणित असं. सासरे साडेपाचला, त्यांना कढत पाणी लागतं, बादलीच. मग सासूबाई, त्याही बादलीवाल्या. सहा ते साडेसात या वेळात नवरा (शॉवर), मुलगा अकरावीत (शॉवर, आणि आत गेला की बाहेर यायचं नाव नाही), मुलगी पाचवीत, शेवटी मी. भांड्यांना गरम पाणी लागत नाही. जुन्या घरात सगळ्यांत मिळून एक १५ लिटरचा होता आणि खरं सांगायचं तर कधी अडलं नाही. मग आता ३५ कशाला, हे मला कुणी समजावून सांगेल का?

सँडहर्स्ट_रोड

ताई, डोकं लावू नका. २५ आणि २५ घ्या, पाच स्टार बघून घ्या, विषय संपवा. पाच-दहा लिटरने किमतीत फार फरक पडत नाही.

मुलुंडचे काका

विषय असा संपत नाही हो. किमतीत फरक पडत नाही, बिलात पडतो आणि सकाळच्या भांडणात तर नक्कीच पडतो. गीझर बसवण्यात आणि खोलण्यात माझी सगळी उमर गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन वाचा.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच नेमका आहे. जुन्या घरात १५ पुरला, मग आता का पुरू नये? तर माणसं तीच, पाण्याचा जोर वेगळा. जुनी तीन-चार मजल्यांची इमारत, टाकी डोक्यावर दोन मजले, शॉवर म्हणजे करंगळीएवढी धार. आता तुम्ही तिसऱ्यावर आणि टाकी चौदाव्याच्या वर, म्हणजे ३५ मीटरच्या आसपास उंची. दहा मीटरला एक बार धरा, तीन-साडेतीन बारचा दाब आला. मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला नसेल तर शॉवर मिनिटाला सहज १०-१२ लिटर पाणी सोडणार. गीझर किती लिटरचा घ्यायचा हे माणसं मोजून ठरत नाही, ते या धारेवर ठरतं.

आता हिशेब. मुंबईत थंडीतही टाकीचं पाणी २४ अंशांच्या आसपास असतं. गीझर ६० ला लावलेला. आंघोळीला ४० अंशांचं पाणी बास. म्हणजे अंगावर येणाऱ्या पाण्यात गीझरचं पाणी निम्म्याहूनही कमी, शंभरात ४४ भाग, बाकी गार. १८ लिटरच्या बादलीला गीझरमधलं ८ लिटर लागतं. सासऱ्यांना कढत हवं तर ९-१०.

आणि गंमत पुढे आहे. ते ८ लिटर परत तापवायला २ किलोवॉटच्या कॉइलला किती वेळ? दहा मिनिटं. एका बादलीला वीज लागली युनिटच्या एक तृतीयांश. बादलीने आंघोळ करणारा माणूस मळ काढून, स्तोत्र म्हणून, टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत दहा मिनिटं होतातच. म्हणजे बादलीवाल्या घरात १५ लिटरचा गीझर कधी संपतच नाही, मग मागे चार जण असोत की सहा. तुमचा जुना १५ सगळ्यांना पुरला तो याच्यामुळे.

शॉवरचं उलट. १२ लिटरची धार म्हणजे मिनिटाला सव्वापाच लिटर गरम पाणी ओढलं जातं. १५ लिटरच्या टाकीतलं १२ लिटरच उपयोगाचं धरा, कारण खालून गार पाणी शिरत असतं आणि शेवटचा भाग कोमट येतो. अडीच मिनिटांत चिरंजीव "आई, पाणी गेलं" म्हणून ओरडणार. २५ लिटरचा असला तर चार मिनिटं. ३५ घेतला तर सहा. अकरावीतला मुलगा सहा मिनिटांत बाहेर येतो का, ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत: टाकी वाढवू नका, धार कमी करा. मिनिटाला ६ लिटर देणारं शॉवर हेड मिळतं, किंवा आहे त्याच शॉवरमध्ये फ्लो कमी करणारी चकती बसते. ती बसवली की तोच २५ लिटरचा गीझर नऊ-दहा मिनिटं चालतो, कारण कॉइल मागून भर घालत असते. चकतीला किती पैसे लागतात आणि ३५ च्या गीझरला किती, ते दुकानदाराला विचारा. चकतीचं नाव तो स्वतःहून काढणार नाही.

सारांश नाही, सरळ ऑर्डर लिहून घ्या: आजी-आजोबांच्या बाथरूमला १५, बाहेरच्याला २५. दोन्ही २ किलोवॉटचे, उभे, ८ बारचे, आयएसआय मार्कवाले. प्लंबर दोन्हीकडे २५ म्हणतो कारण त्याला एकच माप लक्षात ठेवायला सोपं जातं.

लॉफ्टवरच्या ५० लिटरला माझा ठाम विरोध. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. लॉफ्टपासून बाथरूमचा नळ भिंतीतून वळणं घेत आठ-नऊ मीटर पडतो, म्हणजे प्रत्येक वेळी दोन लिटर गार पाणी आधी बादलीत, आणि आंघोळ झाली की तेवढंच गरम पाणी पाइपात निवून जाणार. सहा माणसं म्हणजे सहा वेळा. शिवाय एकट्या सासूबाईंना दुपारी पाय शेकायला तांब्याभर पाणी हवं असलं तरी ५० लिटर तापवायचे, त्याला २ किलोवॉटवर एक तास. आणि तो एक बिघडला की सगळं घर गार पाण्याने.

दिवाळीची पहिली आंघोळ, पाहुणे, उटणं वगैरे मुद्दा नवरोबा काढतीलच. एका पहाटेसाठी वर्षभर मोठी टाकी तापवू नका. त्या दिवशी गॅसवर एक पातेलं ठेवा.

एडिसनकर

काकांचं गणित बरोबर आहे. दीरांच्या ४० गॅलनचं कोडं मी सोडवतो, माझ्याकडेही तसलीच टाकी तळघरात आहे.

ताई, इनडायरेक्ट टाकीला स्वतःची शेगडी नसते. इथे न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी घर गरम ठेवायला गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर असतो. त्या बॉयलरचं कढत पाणी टाकीतल्या नळीच्या वेटोळ्यातून फिरतं आणि बाहेरचं, म्हणजे आपल्या आंघोळीचं पाणी त्या वेटोळ्याला लागून तापतं. दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बॉयलर आहेच तर त्याच्याकडूनच हेही काम करून घ्यायचं, एवढाच त्यामागचा विचार. ज्या घरात बॉयलर नाही तिथे ही टाकी म्हणजे नुसता थर्मास.

आता माप. ४० गॅलन म्हणजे १५० लिटर. इथे जानेवारीत नळाला ५-६ अंशांचं पाणी येतं, त्यामुळे शॉवरच्या पाण्यात ६० टक्क्यांहून जास्त भाग टाकीतला लागतो, तुमच्याकडे ४४. शॉवरही इथल्या केंद्रीय कायद्याने मिनिटाला जास्तीत जास्त अडीच गॅलनचा, म्हणजे साडेनऊ लिटर. दहा मिनिटं उभं राहिलं की एका माणसामागे टाकीतले ६० लिटर गेले. शिवाय टब असतो, तो एकदा भरला की टाकीचा तळ दिसतो. म्हणून इथे टाकी निवडताना सर्वात गर्दीच्या तासात किती पाणी ओढलं जाईल ते आधी बघतात, माणसं नंतर.

पण खरी गोम टाकीत नाहीच. माझा बॉयलर तासाला एक लाख बीटीयूचा आहे, म्हणजे २९ किलोवॉट. रिकामी झालेली १५० लिटरची टाकी तो वीस-पंचवीस मिनिटांत परत तापवतो, आणि तेवढ्या वेळात घर तापवणं थांबवून आधी पाण्याकडे बघतो, तशी सेटिंगच असते. तीच १५० लिटरची टाकी पार्ल्यात २ किलोवॉटच्या कॉइलवर तापवायला तीन तासांच्या वर लागतील. दीरांना विचारा, बॉयलर किती बीटीयूचा आहे. त्यांना माहीत नसेल. इथे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

उन्हाळ्यात मात्र या पद्धतीचा वैताग येतो. घर तापवायचं नसतं, तरी नुसत्या आंघोळीसाठी तो अजस्र बॉयलर धडधडत सुरू होतो. मुंबईत बारा महिने उन्हाळाच. तेव्हा दीरांना प्रेमाने "हो हो" म्हणा आणि काकांचं ऐका.

गिरगावकर

लिटर-बिटर ठीक आहे, वायर कुणी विचारली का? आमच्या चाळीत एकाने ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर आणला, मिक्सरच्या प्लगला लावला. तिसऱ्या दिवशी प्लग काळा ठिक्कर. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर, २ किलोवॉट म्हणजे जेमतेम ९. दोन्हीला १६ अँपिअरचा पॉइंटच हवा, स्वतंत्र लाइन, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग. टॉवरमध्ये बिल्डरने दिलेलं असतं, पण कोणत्या जाडीची वायर ओढलीय ते बोर्ड उघडून बघा. दोन गीझर आणि एक एसी सकाळी एकदम चालू झाला तर साडेपाच किलोवॉट होतात. मीटरवर मंजूर लोड किती आहे तेही पार्ल्याच्या तुमच्या वीज कंपनीच्या बिलावर छापलेलं असतं.

आणि इन्स्टंटचा मोह असेल तर: ३ किलोवॉटवाला मुंबईच्या पाण्याला मिनिटाला तीन लिटरही धड देत नाही. बादलीला सहा-सात मिनिटं. शॉवरला पिचकारी.

बोरिवलीची_मावशी

पाइपचा गॅस येणार असेल तर गॅस गीझरचा विचार का नाही करत? आमच्याकडे वर्षानुवर्षं आहे. ६ लिटरवाला, म्हणजे पाणी २५ अंशांनी चढवून मिनिटाला ६ लिटर देतो, बादली तीन मिनिटांत. टाकीच नाही, त्यामुळे संपण्याचा प्रश्न नाही. पंधरा पाहुणे आले तरी एकामागून एक.

पण बसवायचा तो बाहेर, हवेशीर ड्राय बाल्कनीत, बाथरूमच्या आत मुळीच नाही. बंद बाथरूममध्ये ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास ना रंग, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. सिलिंडरचा गीझर पाइपगॅसला तसाच जोडायचा नाही, दोन्हींचे जेट वेगळे. अधिकृत माणसाकडूनच जोडून घ्या.

पार्ले_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. एडिसनकरांची पोस्ट दीरांना पाठवली. त्यांनी अंगठा पाठवलाय, बीटीयूचं उत्तर नाही.

मावशी, ड्राय बाल्कनी आहे पण तिथून बाथरूमचा नळ फार लांब, आणि सासूबाईंना गॅसची धास्ती. त्यामुळे वीजच.

काका, काल साइटवर जाऊन आलो. पाणी सुरू केलंय. बाहेरच्या बाथरूममध्ये बिल्डरने ताटाएवढा रेन शॉवर दिलाय. त्याखाली १८ लिटरची बादली धरली तर सव्वा मिनिटात भरली! नवऱ्याने दोनदा मोजून बघितलं आणि लॉफ्टचं नाव सोडलं. तो शॉवर काढायला मुलगा तयार नाही, त्यामुळे चकती बसवू.

तीन शंका राहिल्या. एक, बाहेरच्या बाथरूमचं फॉल्स सीलिंग खाली आहे, उभा २५ बसेल की नाही शंका आहे, प्लंबर म्हणतो आडवा घेऊ आणि वर लपवू. दोन, शेजारच्या विंगमध्ये राहायला आलेल्या एकींचा नवा गीझर रात्रभर टपटप गळतो, तो दाबामुळे का? तीन, मे महिन्यात टँकर मागवावा लागेल असं सोसायटीत आत्तापासून बोलतायत. त्याने काही बिघडतं का?

मुलुंडचे काका

सव्वा मिनिट म्हणजे मिनिटाला चौदा लिटर झाले. अशा शॉवरला ३५ काय, ५० सुद्धा पुरला नसता. चकती नक्की बसवा. रेन शॉवरला धार कमी केली की कडेच्या भोकांतून पाणी धड पडत नाही, मुलगा कुरकुर करील. हातात धरायचा शॉवर बाजूला द्या, आठ दिवसांत तोच वापरायला लागेल.

आडवा गीझर: जागा नसेल तरच. उभ्या टाकीत गरम पाणी वर तरंगतं आणि गार पाणी खाली बसतं, त्यामुळे बराच वेळ चांगलं गरम मिळतं. आडव्यात थर बुटका, गार-गरम लवकर मिसळतं. २५ चा आडवा घेतलात तर मनात २० चाच समजा. आणि उभ्यासाठी बनवलेला गीझर आडवा टांगू देऊ नका, काही महाभाग तेही करतात. फॉल्स सीलिंगमध्ये लपवलाच तर खाली झाकण ठेवायला लावा. नाही तर सर्व्हिसला येणारा माणूस करवतीने पीओपी कापतो आणि मग पुढची भांडणं तुमची.

टपटप: ती गळती नाही. पाणी तापलं की फुगतं. इनलेटला, म्हणजे गार पाणी आत शिरतं तिथे, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यात पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते. फुगलेलं पाणी मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्ह थेंब थेंब बाहेर सोडतो. तापत असताना थोडे थेंब पडले तर ठीक. त्याला बारीक नळी लावून ती मोरीकडे सोडायची. गीझर बंद असतानाही सारखं गळत असेल तर मात्र दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय. नव्या इमारतीत पाइपात सिमेंटचा आणि वाळूचा कचरा असतोच, म्हणून गीझर जोडण्याआधी नळ उघडा ठेवून पाणी वाहू द्या. थेंब बंद व्हावेत म्हणून कुणी व्हॉल्व्हला बूच मारलं, तर त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका. तो व्हॉल्व्हच टाकी फुटण्यापासून वाचवतो.

टँकर: पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं, ते मऊ असतं. त्यावर चालणारा गीझर वर्षानुवर्षं खोलावा लागत नाही. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड. ते ६० अंशांवर तापलं की कॉइलवर पांढरा थर धरतं. मी खोलून बघितलेल्या कॉइलींवर अक्षरशः चुनखडीची सालं होती, हाताने सोलून निघायची. थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस कॉइल जळते. टँकरच्या महिन्यांत थर्मोस्टॅट ५० वर आणून ठेवा. पाणी थोडं कमी पुरेल, पण मे महिन्यात गरम पाणी मागतो कोण, सासरे सोडून? आणि टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, अ‍ॅनोड रॉड म्हणतात त्याला. टाकीऐवजी तो झिजतो. दोन वर्षांनी सर्व्हिसवाल्याला तो काढून दाखवायला सांगा. अंगठ्याएवढा जाड असलेला दांडा खडबडीत होऊन आतली तार दिसायला लागली की बदलायचा. न सांगता कुणी बघत नाही.

एक राहिलं. भिंत कशाची आहे ते विचारून घ्या. २५ लिटरचा गीझर भरला की ३५ किलोच्या पुढे जातो. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर नुसता प्लास्टिकचा गट्टू आणि स्क्रू चालणार नाही, आरपार बोल्ट किंवा ब्लॉकसाठीचा वेगळा फासनर लागतो. ओतीव काँक्रीटची भिंत असेल तर वजनाची काळजी नाही, पण ड्रिल मारायला वेळ लागतो आणि आत पाइप, वायरी कुठून गेल्यात ते बाहेरून कळत नाही. ताबा घेताना बिल्डरकडून बाथरूमच्या पाइपांचा नकाशा मागून घ्या. तो नाहीच मिळाला तर टाइल्स लावण्याआधी कुणी फोटो काढलेत का, ते साइटवरच्या सुपरवायझरला विचारा. हल्ली त्यांच्या मोबाइलमध्ये असतात.

पार्ले_पूर्व

सुपरवायझरकडे खरंच फोटो आहेत, आत्ताच व्हॉट्सअ‍ॅपवर आले. बाहेरच्या बाथरूमची भिंत ब्लॉकची, आतल्याची काँक्रीटची. शनिवारी फॉल्स सीलिंगवाला चार इंच वर सरकवून देतोय, म्हणजे उभाच बसेल. १५ आणि २५ ची ऑर्डर देते.